मांगामधील हाणामारीचे पान कसे पाहावे

मारधाडीचा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हातात घेणारा नवा वाचक बहुधा एका बैठकीत शंभर-दीडशे पाने उलटतो. कथा कळल्याचे समाधान त्याला मिळते, चित्रे मात्र पाहायची राहून जातात. यात त्याचा फारसा दोष नाही, कारण ही चित्रे भराभर वाचली जावीत याच हिशेबाने काढलेली असतात आणि डोळा कुठे अडखळू नये म्हणून चित्रकाराने घेतलेली मेहनत पहिल्या वाचनात दिसत नाही. त्यामुळे अशा पुस्तकातील चित्रांचा आस्वाद घ्यायचा असेल, तर तेच पान पुन्हा, मुद्दाम वेग कमी करून पाहावे लागते. ते कसे पाहावे, याची एक साधी पद्धत येथे मांडली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कॉलेजची मराठी मुले मोबाइलवर मांगा वाचतात आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना त्यात नुसती काळी-पांढरी कापाकापी दिसते. ही पद्धत त्या दोघांच्याही उपयोगी पडावी.

उदाहरणासाठी मुख्यतः एकच कृती घेतली आहे, कारण दहा पुस्तकांची नावे ऐकण्यापेक्षा एका पुस्तकाची पन्नास पाने नीट पाहिलेली बरी. इंग्रजीत ‘लोन वुल्फ अँड कब’ या नावाने मिळणारा हा मांगा १९७० ते १९७६ या काळात जपानमधील एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचे २८ खंड निघाले. कथा काझुओ कोइके यांची आहे आणि चित्रे गोसेकी कोजिमा यांची. जपानच्या तोकुगावा राजवटीत शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, वतीने शिरच्छेदाचे काम करणारा ओगामी इत्तो हा सामुराई योद्धा शत्रूंच्या कारस्थानाला बळी पडतो, त्याच्या बायकोची हत्या होते, आणि तो आपल्या लहानग्या मुलाला, दाइगोरोला, लाकडी बाबागाडीत बसवून भाडोत्री मारेकरी म्हणून रानोमाळ हिंडू लागतो. चित्रे पाहण्यासाठी एवढे कथासूत्र पुरे. पुस्तक प्रौढांसाठी आहे, त्यात रक्तपात भरपूर आहे आणि काही प्रसंग त्याहून कठोर आहेत, त्यामुळे चित्रांचे पुस्तक म्हणून ते शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.

चित्रकार कुठून आला

कोजिमा यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी योक्काइची या गावी झाला. आधुनिक मांगाचे जनक मानले जाणारे ओसामु तेझुका यांची जन्मतारीखही नेमकी हीच आहे. योगायोग गमतीचा असला, तरी दोघांच्या वाटा मात्र फार वेगळ्या होत्या. कोजिमा यांनी सुरुवातीला चित्रपटगृहांच्या जाहिराती रंगवून पोट भरले. १९५० मध्ये ते तोक्योला आले, रस्त्यावर चित्रे दाखवून गोष्टी सांगणाऱ्यांसाठी त्यांनी चित्रे काढली, आणि मग ते भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी मांगा काढू लागले. आपल्याकडे गल्लीबोळांतल्या वाचनालयांत जशा रहस्यकथा आणि कादंबऱ्या रोजच्या भाड्याने मिळत, तशी ही जपानी दुकाने होती, आणि युद्धानंतरच्या तंगीच्या काळात तरुण कामगारवर्ग तेथूनच पुस्तके नेत असे. या गिऱ्हाइकाला लहान मुलांच्या विनोदी गोष्टी नको होत्या. त्याच्यासाठी गेकिगा नावाचा गंभीर, अंधाऱ्या रंगाचा प्रवाह उभा राहिला आणि कोजिमा यांचा हात त्यातच तयार झाला.

हा तपशील सांगण्याचे कारण असे, की पाने पाहताना तो डोळ्यांना दिसतो. चित्रपटाच्या जाहिरातीत दुरून, रस्त्याच्या पलीकडून चेहरा ओळखू यावा लागतो. रस्त्यावर गोष्ट सांगणाऱ्याच्या चित्रात घोळक्यातल्या शेवटच्या पोरालाही प्रसंग कळावा लागतो. कोजिमा यांच्या पानात काळ्या शाईचे जे मोठे, ठाम पट्टे दिसतात, त्यांच्यामागे ही सवय असावी असे मला वाटते. याउलट, मांगावरील लेखनात त्याचा धागा थेट शतकांपूर्वीच्या गुंडाळी-चित्रांशी नेऊन जोडण्याची जी हौस आढळते, तिचा पान पाहताना फारसा उपयोग होत नाही. पोटापाण्यासाठी हाताने काय केले, हे त्यापेक्षा अधिक सांगून जाते.

पुस्तक कोणते घ्यावे, आणि ते उलटे तर नाही ना

मोबाइलवर एकेक पान पाहिल्याने काय हरवते, हे आधी लक्षात घ्यावे. मांगाचा चित्रकार समोरासमोरची दोन पाने एकत्र पाहतो. कित्येकदा एकच चित्र दोन्ही पानांवर पसरलेले असते आणि मोबाइलवर त्याचे मधोमध दोन तुकडे होतात. म्हणून निदान एक खंड तरी छापील मिळवावा. बेळगावच्या दुकानांत सहज न मिळाल्यास तिघा-चौघांनी वर्गणी काढून तो घरपोच मागवावा, कारण असे पुस्तक आळीपाळीने पाहण्यात आणि त्यावर वाद घालण्यातही मजा असते. डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशकाने २००० ते २००२ या काळात सर्व २८ खंड खिशात मावतील अशा लहान आकारात काढले. पुढे २०१३ पासून त्याच प्रकाशकाची थोड्या मोठ्या आकाराची जाड आवृत्ती आली. चित्रांसाठी घ्यायचे असेल, तर मोठा आकारच घ्यावा.

यानंतर दिशा तपासावी. जपानी पुस्तक उजवीकडून उघडते, चौकटी उजवीकडून डावीकडे वाचल्या जातात. जुन्या इंग्रजी आवृत्त्या काढताना पाश्चात्त्य वाचकाला त्रास नको म्हणून अनेक प्रकाशकांनी संपूर्ण पान आरशात दिसावे तसे उलटवून छापले. आपल्या हातातील पुस्तक तसे आहे की नाही, हे ओळखण्याची खूण चित्रातच असते. सामुराई तलवार डाव्या कमरेला खोवतो आणि उजव्या हाताने उपसतो. किमोनो या जपानी झग्याची डावी बाजू उजवीवर येते, उलट बाजू फक्त मृतदेहाला नेसवताना वर घेतात. चित्रातील प्रत्येक माणूस डावखुरा दिसला आणि प्रत्येकाचा किमोनो मेलेल्या माणसासारखा नेसलेला दिसला, तर पान उलटवलेले आहे असे समजावे. अशी आवृत्ती टाकाऊ नसते, पण हालचालीच्या दिशेविषयी पुढे जे सांगितले आहे, ते तेथे डावे-उजवे बदलून लावावे लागते.

हातभर अंतरावरून

पहिली पायरी म्हणून उघडे पुस्तक हातभर दूर धरावे, डोळे थोडे किलकिले करावेत आणि अक्षरे वाचायची नाहीत असे ठरवून दोन्ही पानांवर काळे कुठे आहे आणि पांढरे कुठे आहे एवढेच पाहावे. पान उलटे धरूनही हे जमते, किंबहुना जास्त चांगले जमते, कारण माणसे, तलवारी, झाडे ओळखू येईनाशी झाली की केवळ डाग उरतात. चांगल्या पानात हे डाग विखुरलेले नसतात. काळ्या झग्यातील एक आकृती, तिच्या समोर मोकळा पांढरा पट्टा आणि त्यापलीकडे पुन्हा काळे, अशी रचना दिसली की त्या मोकळ्या पट्ट्यातच काहीतरी घडणार आहे, हे गोष्ट न वाचताही कळते.

मग चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्या पाहाव्यात. बऱ्याच मांगांत आडव्या ओळींमधली पट्टी रुंद असते आणि एकाच ओळीतल्या दोन चौकटींमधली उभी पट्टी अरुंद असते. त्यामुळे डोळा आपोआप आधी ओळ पुरी करतो आणि मगच खाली उतरतो. एखादी चौकट कागदाच्या कडेपर्यंत पसरली असेल आणि तिला पांढरी किनारच नसेल, तर तेथे काळ किंवा जागा अमर्याद वाटावी असा हेतू असतो. समुद्र, माळरान, बर्फ अशा ठिकाणी ही युक्ती वारंवार आढळते. चौकटीची कड तिरकी असेल, तर तिचा उतार कोणत्या आकृतीच्या बाजूला झुकला आहे ते पाहावे.

पान उलटण्याची जागाही चित्रकाराने मोजलेली असते. उजवीकडून उघडणाऱ्या पुस्तकात डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट ही उलटण्याआधीची शेवटची चौकट होय. तेथे बहुधा प्रश्न असतो: वळलेली मान, थांबलेले पाऊल, किंचित सरकलेले दार. उत्तर पुढच्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरू होते. एखादे प्रकरण घेऊन केवळ या कोपऱ्यांतल्या चौकटीच ओळीने पाहत गेल्यास, वाचकाला कुठे कुठे थोपवून धरले होते त्याचा नकाशा मिळतो.

आपल्यापैकी ज्यांचे डोळे अमर चित्रकथा आणि इंद्रजाल कॉमिक्सवर तयार झाले, त्यांना सुरुवातीला येथे काहीतरी कमी असल्यासारखे वाटेल. त्या पुस्तकांत चित्रात घडणारी गोष्ट वरच्या चौकोनातला मजकूर पुन्हा सांगत असे. इंद्रजालमधल्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, कथा तर मुळात वृत्तपत्रांतल्या पट्ट्यांमधून आलेल्या. रोजच्या तीन-चार चौकटींत गोष्ट पुढे ढकलायची असल्यामुळे तेथे एक चौकट नुसत्या वाऱ्याला देणे परवडत नसे. जपानी साप्ताहिकात हप्त्याला पुष्कळ पाने मिळत. कोइके आणि कोजिमा यांनी या एका कथेसाठी आठ हजारांहून अधिक पाने वापरली, आणि त्यांतली कित्येक पाने पूर्ण मुकी आहेत. मुक्या पानावर पटकन पुढे जाण्याचा मोह होतो. नेमक्या त्याच पानावर सर्वाधिक वेळ थांबावे.

फटका दाखवला आहे का

आता मुख्य भागाकडे येऊ. हाणामारीच्या चित्रात आपण फटका शोधतो. कोजिमा यांच्या द्वंद्वात मात्र फटक्याच्या चौकटी मोजाव्यात आणि फटक्याआधीच्या व नंतरच्या चौकटींशी त्यांची तुलना करावी. मांडणी बरेचदा अशी असते: दोघे समोरासमोर, मध्ये अंतर, एकाचे डोळे, तलवारीच्या मुठीवरचा अंगठा, गवत, दुसऱ्याचे डोळे, मग एकाच चौकटीत दोघे एकमेकांना ओलांडून गेलेले, पाठमोरे. कोण जिंकला, हे त्या चौकटीत कळत नाही. आणखी एक-दोन चौकटी जातात आणि त्यानंतर कोणीतरी कोसळतो. तलवार शरीरातून गेली तो क्षण कागदावर नाही, तो दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत गेला, आणि वाचकाने तो स्वतःच्या मनात काढला. माझ्या मते मारधाडीच्या मांगाची खरी कारागिरी हीच आहे: काय दाखवायचे यापेक्षा काय पट्टीत टाकायचे, याचा निर्णय.

हे तपासण्यासाठी एक पोस्टकार्ड घ्यावे. द्वंद्वाच्या पानावर एकेक चौकट झाकावी आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे, की ही नसती तर काय बिघडले असते? गवताची चौकट झाकली तर कथेचे काही बिघडत नाही, पण ओलांडून जाण्याची चौकट एकदम लवकर येते आणि फटका हलका वाटतो. म्हणजे गवताने वजन वाढवले होते. सगळ्याच पानांवर हा प्रयोग यशस्वी होतो असे नाही. दर आठवड्याच्या घाईत काढलेल्या कामात जागा भरण्यासाठी टाकलेल्या चौकटीही असतात, आणि त्या ओळखता येणे हाही आस्वादाचाच भाग आहे.

यानंतर पायांकडे पाहावे. येथे सीमाभागातल्या वाचकाला शिकवण्यासारखे फारसे उरत नाही. बेळगावचा आनंदवाडी आखाडा असो की एखाद्या खेड्यातल्या जत्रेचे मैदान, लाल मातीतली कुस्ती पाहताना नवखा प्रेक्षक हातांकडे पाहत राहतो आणि घिस्सा किंवा एकलंगी बसली की टाळ्या वाजवतो. कडेला बसलेल्या वस्तादाची नजर मात्र पैलवानाच्या कमरेवर आणि मागच्या पायावर असते, कारण डाव बसणार की फसणार हे तेथे आधी ठरते. चित्रातल्या तलवारबाजाला हीच नजर लावावी. मागची टाच जमिनीवर आहे की उचललेली, वजन कोणत्या गुडघ्यावर आहे, कंबर छातीच्या आधी वळली की नंतर, हे पाहत गेले, की चांगला आणि सुमार चित्रकार वेगळा काढता येतो. सुमार चित्रात तलवारीभोवती रेषांचा धुरळा असतो, पण पाय कॅलेंडरमधल्या चित्रासारखे नुसते टेकलेले असतात. कोजिमा यांच्या आकृतीत गवती चपलेखालची माती दाबली गेल्याचे जाणवते, आणि म्हणूनच तलवारीभोवती रेषा कमी असूनही घाव जोरकस वाटतो.

हालचालीची दिशाही येथेच पाहावी. जपानी वाचकाचा डोळा उजवीकडून डावीकडे जात असतो. त्याच दिशेने धावणारी आकृती वाचनाच्या ओघात धावते, तर डावीकडून उजवीकडे येणारी आकृती त्या ओघाला अडवते. एखादे पात्र पानभर डावीकडे चालत असेल आणि एका चौकटीत अचानक उजवीकडे तोंड करून उभे राहिले, तर तेथे थांबावे. बहुधा तेथे शत्रू आलेला असतो, किंवा शंका.

वेगाच्या रेषांविषयी थोडेसे. त्या दोन प्रकारच्या असतात. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषा दिसल्या तर त्यांवर फूटपट्टी लावून तो बिंदू शोधावा. तो तलवारीच्या टोकावर असण्याऐवजी पुष्कळदा डोळ्यांवर निघतो. दुसऱ्या प्रकारात आकृती स्वच्छ असते आणि मागची पार्श्वभूमीच रेघांनी पुसलेली असते. तेव्हा वाचक कडेला उभा राहून पाहत नसतो, त्या आकृतीच्या बरोबरीने धावत असतो.

चेंडू आणि तलवार

मारामारी नसलेले पानही मारामारीच्या पानाइतके ताणलेले असू शकते, हे पाहण्यासाठी पहिल्या खंडातला एक प्रसंग निवडावा. बायकोच्या हत्येनंतर घर सोडण्यापूर्वी इत्तो रांगत्या दाइगोरोसमोर दोन वस्तू ठेवतो: एका बाजूला रंगीत चेंडू, दुसऱ्या बाजूला तलवार. बाळ चेंडूकडे गेले तर बाप त्याला त्याच्या आईकडे, म्हणजे मृत्यूकडे पाठवणार. तलवारीकडे गेले तर आपल्याबरोबर मारेकऱ्याच्या वाटेवर नेणार. बाळाला यातले काही कळत नाही. ते तलवारीकडे रांगत जाते.

या प्रसंगाची पाने कमीत कमी तीन वेळा पाहावीत आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीचा माग काढावा. पहिल्यांदा नजरेची उंची पाहावी: कोणती चौकट बापाच्या उंचीवरून काढली आहे आणि कोणती जमिनीलगत, बाळाच्या उंचीवरून? दुसऱ्यांदा अंतर पाहावे. बाळ आणि वस्तू एकाच चौकटीत कधी येतात आणि त्यांना वेगवेगळ्या चौकटींत तोडून कधी ठेवले आहे? एका चौकटीत आणले की अंतर दिसते आणि वाचक मोजू शकतो. तोडून ठेवले की अंतर कळत नाही आणि श्वास अडकतो. तिसऱ्यांदा केवळ रेषा पाहावी. दाइगोरोचा गोल चेहरा मोजक्या रेषांत काढलेला असतो आणि बापाचा चेहरा ब्रशच्या काळ्या, तुटक फटकाऱ्यांत. दोघे एकाच घरातले असूनही त्यांच्यावरची शाई वेगळी आहे. मुलाच्या चेहऱ्यावर रेषा कमी ठेवल्याने तेथे काय लिहिलेले आहे ते वाचकालाच ठरवावे लागते, आणि पुढच्या सबंध मालिकेत हा चेहरा असाच जवळजवळ कोरा राहतो.

येथे कोणी कोणावर वार करत नाही. तरीही द्वंद्वाच्या पानावर वापरलेली सगळी साधने, म्हणजे डोळे, अंतर, पांढरी पट्टी आणि उशीर, येथे जशीच्या तशी आहेत. हे एकदा लक्षात आले, की मारामारीच्या पानाकडे पाहण्याची नजर कायमची बदलते.

रेषा जवळून

आता पुस्तक डोळ्यांजवळ आणावे. भिंग मिळाले तर उत्तम. कागदावर मांगा काढताना बहुतेक चित्रकार टाकाचे निब वापरतात. दाब दिला की निबची रेषा फुगते, सोडला की बारीक होते, पण तिच्या दोन्ही कडा स्वच्छ राहतात. ब्रशच्या रेषेची कड मात्र फाटू शकते. शाई कमी असताना हात भरभर फिरवला, की केसांच्या मधून कागद डोकावतो आणि रेषेत पांढऱ्या चिरा पडतात. कोजिमा यांनी या कोरड्या ब्रशचा उपयोग कुठे केला आहे ते शोधावे: वाऱ्याने उडणारी बाही, खडक, घोड्याची आयाळ, म्हातारा चेहरा. एखाद्या बाहीची एकच घडी निवडून तिची सुरुवात आणि शेवट पाहावा. जाड टोकापाशी ब्रश टेकला होता आणि निमुळत्या टोकापाशी उचलला गेला. म्हणजे हात कोणत्या दिशेने गेला, हे पन्नास वर्षांनंतरही वाचता येते, आणि तो बहुधा त्याच दिशेने गेलेला असतो ज्या दिशेने चित्रातला माणूस वळतो आहे.

पाऊस दिसला तर तो अवश्य पाहावा. खानापूरकडच्या पावसाची ओळख असलेल्या वाचकाला हे सांगायला नको, की पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. चांगल्या पानात पावसाच्या रेषा सारख्या अंतराने ओढलेल्या नसतात. त्या झुंडीने येतात, टोपीच्या काठापाशी तुटतात, आणि कुठेतरी मुद्दाम विरळ केलेल्या असतात जेणेकरून तेथला चेहरा दिसावा. पट्टीने ओढलेला पाऊस आणि हाताने ओढलेला पाऊस यांत फरक ओळखता आला, म्हणजे नजर तयार होऊ लागली असे समजावे.

आवाजाची जपानी अक्षरे काही इंग्रजी आवृत्त्यांत तशीच ठेवलेली असतात. ती वाचता येत नाहीत म्हणून डोळ्याआड करू नयेत. ती शाईने काढलेल्या चित्राचाच भाग आहेत. कन्नड आणि देवनागरी अशा दोन लिप्यांच्या पाट्यांखाली वाढलेल्या आपल्या वाचकाला न कळणाऱ्या अक्षराचे तसेही ओझे वाटत नाही. ती जाड आहेत की बारीक, कोणाच्या अंगावरून गेली आहेत, चौकटीबाहेर सांडली आहेत का, एवढे पाहिले तरी आवाज ऐकू येतो.

चित्रकथेतली रेषा ही खऱ्या चित्रकाराची रेषा नव्हे, असा एक समज सुशिक्षित घरांतही आढळतो. निदान बेळगावात तरी तो नसावा. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखा चित्रकलेचा शिक्षक या गावात होता, आणि त्यांच्या हाताखाली सुरुवातीचे धडे घेतलेले, येथेच १९३५ मध्ये जन्मलेले रवी परांजपे यांनी छापील पानासाठी काढलेल्या बोधचित्रांतून नाव कमावले.

हाताने करून पाहणे

यापुढची पायरी ऐच्छिक आहे, पण केल्यास तासाभरात जे कळते ते वाचून कळत नाही. आवडलेल्या दोन समोरासमोरच्या पानांवर बटर पेपर ठेवावा आणि पेन्सिलीने चौकटींच्या केवळ कडा उतरवाव्यात. आत चित्रे काढू नयेत. प्रत्येक आकृतीच्या जागी नजरेच्या दिशेचा एक बाण आणि शस्त्र असल्यास एक रेघ पुरे. मग लाल पेन्सिलीने आपला डोळा पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत ज्या वाटेने गेला ती वाट काढावी. संवादांचे फुगे या वाटेवर कुठे बसवले आहेत, हे येथे प्रथमच नीट दिसते, कारण कसलेला चित्रकार फुग्यांचा उपयोग वाटेवरच्या दगडांसारखा करतो. बटर पेपर उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला, की चित्राशिवायची मांडणी समोर येते. दोघातिघांनी एकाच पानावर हे केले आणि वाटा वेगवेगळ्या निघाल्या, तर चूक कोणाची यावर भांडण्याऐवजी पान कुठे संदिग्ध आहे ते शोधावे.

ज्यांनी शाळेत ड्रॉइंगच्या लोअर, हायर परीक्षा दिल्या आहेत, त्यांनी कार्ट्रिज पेपर, काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि दोन किंवा तीन नंबरचा गोल ब्रश घेऊन एकच बाही किंवा गवताचा एकच झुपका मूळ आकाराच्या दुप्पट काढून पाहावा. संपूर्ण आकृतीच्या मागे लागू नये. ब्रशमधली शाई रद्दी कागदावर टिपून घेतल्याशिवाय कोरडा फटकारा येत नाही, आणि हात थांबत थांबत फिरवला तर तो मुळीच येत नाही. चार-सहा झुपके बिघडल्यावर मूळ पानाकडे पुन्हा पाहावे, म्हणजे दर आठवड्याला अशी पाने पुरवणाऱ्या माणसाचा वेग काय असेल याचा थोडा अंदाज येतो.

एका खंडावर असे काम झाल्यावर अगदी वेगळ्या हाताचे पुस्तक घ्यावे. माझी शिफारस कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’ची आहे. १९८२ ते १९९० या काळात क्रमशः आलेल्या या मांगाचे सहा मोठे खंड आहेत आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी एक अख्खे शहर पाने-पाने एकही शब्द न बोलता कोसळते. तेथे ब्रश जवळजवळ नाही. बारीक निब, फूटपट्टी आणि ठिपक्यांचा चिकटवलेला स्क्रीनटोन आहे. कोजिमा यांच्याकडे जे काम गवत करते, ते ओतोमो यांच्याकडे खिडक्या करतात. इमारतीच्या शेकडो खिडक्या आधी सरळ, मग किंचित कललेल्या, मग विस्कटलेल्या अशा पाहत जावे, कोणत्या चौकटीत पहिली भेग पडली ते शोधावे, आणि पोस्टकार्डाचा तोच प्रयोग तेथेही करावा.